फिलिप आन : शत्रूच्या गणवेशातला अभिनेता

१९४५ साली अमेरिकेत ‘बॅक टू बटान’ हा युद्धपट प्रदर्शित झाला. जॉन वेन नायक, फिलिपिन्सचे जंगल आणि समोर जपानी सैन्य. त्या सैन्यातल्या एका कर्नलची भूमिका फिलिप आन नावाच्या नटाने केली होती. प्रेक्षकांनी त्या चेहऱ्याचा मनापासून तिरस्कार केला. तो करावा यासाठीच तर तो चेहरा पडद्यावर आणला गेला होता. चित्रपटगृहात बसलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल की, हा कर्नल जपानी नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला तो कोरियन वंशाचा अमेरिकन नागरिक होता. आणि सातच वर्षांपूर्वी त्याचे वडील जपानी कैदेत खंगून मरण पावले होते.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी मिळून १८०हून अधिक भूमिका नावावर असलेल्या या माणसाची गोष्ट हॉलिवूडच्या इतिहासात सहसा एका परिच्छेदात आटोपली जाते. ती त्याहून बरीच मोठी आहे. मात्र ती नीट समजायची तर आधी त्याच्या वडिलांकडे जावे लागते.

१९०२ साली आन चांग-हो आणि त्यांची पत्नी ली हे-र्योन हे नवविवाहित जोडपे कोरियाहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. आन यांनी ‘दोसान’ हे उपनाव घेतले. दोसान म्हणजे बेटाचा पर्वत. प्रवासात समुद्रातून वर आलेले हवाई बेट पाहून हे नाव सुचल्याचे सांगतात. ते आले होते शिकायला, आणि झाले संघटक. त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मूठभर कोरियन होते. कोणी औषधी मुळ्या विकत होते, कोणी फळबागांत मजुरी करत होते. दोसान यांनी त्यांना एकत्र आणले. रिव्हरसाइडच्या संत्र्यांच्या बागांत ते स्वतः मजुरांबरोबर राबले. संत्रे काळजीपूर्वक तोडणे हीसुद्धा देशसेवाच आहे, अशी त्यांची शिकवण होती.

२९ मार्च १९०५ रोजी लॉस एंजेलिसच्या हायलँड पार्क भागात त्यांचा थोरला मुलगा जन्मला. नाव पिल-लिप, म्हणजेच फिलिप. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या अगदी पहिल्या कोरियन मुलांपैकी तो एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानने कोरियाला आपले संरक्षित राज्य केले आणि १९१० साली तो देश पूर्णपणे गिळला. मुलगा पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या आईबापांचा देश नकाशावरून पुसला गेलेला होता.

येथे एक कायदेशीर पेच ध्यानात घ्यायला हवा, कारण फिलिपच्या साऱ्या आयुष्यावर त्याची छाया आहे. तत्कालीन अमेरिकी कायद्याप्रमाणे आशियातून आलेल्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नसे. कोरियनांसाठी ही आडकाठी १९५२ साली दूर झाली. म्हणजे फिलिप जन्माने अमेरिकन, त्याचे आईवडील मात्र कायमचे परके. आणि परके तरी कोणत्या देशाचे? कोरिया उरलाच नव्हता. कागदोपत्री ते जपानी सम्राटाचे प्रजाजन.

हा प्रश्न नुसता कागदावरचा नव्हता. १९१३ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हेमेट गावात जर्दाळू तोडायला आलेल्या कोरियन मजुरांना जमावाने जपानी समजून हाकलून दिले. जपानी वकिलातीने ‘आपल्या प्रजाजनां’च्या वतीने तत्परतेने मदत देऊ केली. त्यावर कोरियन नॅशनल असोसिएशनने परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना कळवले की, आम्ही जपानी नाही, आमच्या बाबतीत जपानशी बोलू नका. ब्रायन यांनी ते मान्य केले. देश नसलेल्या लोकांनी मिळवलेला हा एक विलक्षण राजनैतिक विजय होता आणि त्या संघटनेच्या आधारस्तंभांपैकी एक होते दोसान. आन कुटुंबातल्या मुलांनी पहिला राजकीय धडा गिरवला असेल तर तो हाच : आम्ही जपानी नाही.

दोसान घरी फारसे लाभलेच नाहीत. १९०७ ते १९११ कोरिया व परिसरात, १९१९ नंतर शांघायमध्ये कोरियाच्या हंगामी सरकारच्या उभारणीत. १९२६ साली त्यांनी अमेरिकेचा किनारा सोडला तो कायमचा. पाच भावंडांतला धाकटा राल्फ त्याच वर्षी, ते गेल्यानंतर, जन्मला. त्याने वडिलांना कधीच पाहिले नाही. स्वातंत्र्यवीरांच्या चरित्रांत अशा घरांविषयी एखादे वाक्य असते, ‘कुटुंबानेही त्याग केला’. त्या वाक्यात काय काय दडलेले असते ते या घराकडे पाहिले की कळते. ली हे-र्योन यांनी एकटीने पाच मुले वाढवली, आल्यागेल्या कार्यकर्त्यांना जेवू घातले आणि चळवळीसाठी पैसाही उभा केला.

आणि थोरल्या मुलाला सिनेमाचे वेड लागले.

फिलिपची एक बालमैत्रीण होती, त्याच्याच वयाची, एका चिनी धोब्याची मुलगी. तिचे नाव ॲना मे वाँग. १९२४ साली पडद्यावर आलेल्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये तिला भूमिका मिळाली. तिला भेटायला गेलेल्या फिलिपला चित्रपटाचा नायक आणि निर्माता डग्लस फेअरबँक्सने पाहिले, त्याची पडदाचाचणी घेतली आणि काम देऊ केले. मुलगा हरखून घरी आला. आईने स्वच्छ नकार दिला. सिनेमावाल्या लोकांत आपल्या मुलाने मिसळायचे नाही! दोसानांच्या घरातला मुलगा तोंडाला रंग फासणार, ही कल्पनाच तिला सोसणारी नव्हती.

पुढची दहा वर्षे फिलिपने घरासाठी खर्ची घातली. उत्तर कॅलिफोर्नियात कोलुसाजवळ भातशेतीत काम केले. पीक बुडाले, कर्ज झाले. लॉस एंजेलिसमध्ये लिफ्ट चालवली. भावंडांची शिक्षणे पाहिली. १९३४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेण्याइतके पैसे हाती आले. घरच्यांच्या समाधानासाठी त्याने परदेश व्यापार हा विषय घेतला. तेथे परदेशी विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणून काम करताना त्याने विद्यापीठात पाहुणे बोलावले, त्यांत चमन लाल हे भारतीय पत्रकारही होते. दुसरे वर्ष संपल्यावर मात्र त्याने विद्यापीठ सोडले. सिनेमाने अखेर त्याला गाठले होते.

त्या वेळी वडील कोठे होते? २९ एप्रिल १९३२ रोजी शांघायच्या होंगक्यू उद्यानात युन बोंग-गिल या कोरियन तरुणाने जपानी अधिकाऱ्यांच्या समारंभात बाँब टाकला. त्यानंतरच्या धरपकडीत दोसान पकडले गेले. कटाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. पण जपानला ते हवेच होते. त्यांना कोरियात नेऊन तुरुंगात टाकण्यात आले. १९३५ साली ते सुटले. त्याच वर्षी मुलाने आपल्या पहिल्या चित्रपटात काम केले.

१९३६च्या ‘एनीथिंग गोज’चा किस्सा प्रसिद्ध आहे. बिंग क्रॉस्बीच्या या संगीतपटात एका चिनी पात्रासाठी नट हवा होता. फिलिप दिग्दर्शक लुईस माइलस्टोनला भेटला, सुरेख इंग्रजीत बोलला आणि नापास झाला. कारण काय, तर इंग्रजी फारच चांगली आहे! तेव्हा त्याने तोडक्यामोडक्या, हेल काढलेल्या इंग्रजीत बोलून दाखवले आणि भूमिका पटकावली. हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. खरे तर तो त्या व्यवसायाचा नियम होता. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या माणसाने आपली मातृभाषेइतकी सहज भाषा विसरल्याचे सोंग करायचे, आणि ते सोंग जितके चांगले वठेल तितकी पुढची कामे मिळायची.

पात्रनिवडीचा उलटा नियमही तितकाच ठाम होता. आशियाई पात्र महत्त्वाचे असेल तर ते गोऱ्या नटाकडे जाई. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर गाजवला वॉर्नर ओलँड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाने. १९३७च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकरी झाला पॉल म्युनी आणि त्याची पत्नी लुइझ रायनर, जिला त्यासाठी ऑस्कर मिळाले. ॲना मे वाँगला ती भूमिका मिळाली नाही. नायक गोरा नट म्हटल्यावर खरी चिनी नायिका त्याची बायको कशी दाखवणार? त्या काळच्या निर्मितीसंहितेला वंशसंकर वर्ज्य होता. म्युनीचा चेहरा रंगाने चिनी केलेला चालत होता. वाँगचा मुळातला चिनी चेहरा अडचणीचा ठरत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरामाउंटने ‘डॉटर ऑफ शांघाय’ प्रदर्शित केला. जेमतेम तासाभराचा, कमी खर्चाचा, जोडचित्रपट म्हणून दाखवला जाणारा गुन्हेपट. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरे. पण त्यात जे घडले ते मोठमोठ्या चित्रपटांत घडत नव्हते. नायिका ॲना मे वाँग आणि नायक फिलिप आन. तो सरकारी गुप्तहेर आहे, शुद्ध इंग्रजी बोलतो, हाणामारी करतो, आणि शेवटी नायिकेला लग्नाची मागणी घालतो. माणसांच्या चोरट्या वाहतुकीचा माग काढणाऱ्या या कथेत दोन आशियाई माणसे कोणाची नोकर नाहीत आणि कोणाच्या विनोदाचा विषयही नाहीत. वृत्तपत्रांनी लगेच दोघांच्या खऱ्या विवाहाच्या वावड्या उठवल्या. दोघे मात्र आयुष्यभर मित्रच राहिले. २००६ साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला.

मुलाच्या वाट्याला आलेली ही सर्वांत सन्मानाची भूमिका, आणि तिच्या नावात शांघाय, जेथे वडिलांना बेड्या पडल्या होत्या. जून १९३७मध्ये दोसान पुन्हा पकडले गेले होते. प्रकृती ढासळल्यावर डिसेंबरमध्ये त्यांना जामिनावर सोडले, म्हणजे नेमका तो चित्रपट पडद्यावर आला तेव्हा. १० मार्च १९३८ रोजी सोल येथील रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. लॉस एंजेलिसमधले कुटुंब त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाही. फिलिपने त्यांना शेवटचे पाहिले त्याला बारा वर्षे झाली होती.

१९३९च्या ‘किंग ऑफ चायनाटाउन’मध्ये वाँग डॉक्टर आणि फिलिप वकील होता. असे वाटावे की दार किंचित उघडते आहे. तेवढ्यात ७ डिसेंबर १९४१ उजाडला.

पर्ल हार्बरनंतर दोन गोष्टी घडल्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या जवळपास १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. आणि ज्यांचा देश जपानने गिळला होता ते कोरियनही सुरुवातीला कागदोपत्री ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. काहींनी ‘मी कोरियन आहे’ असे बिल्ले छातीवर लावले. हेमेटचा प्रश्न अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला.

हॉलिवूडला आता जपानी खलनायक हवे होते, घाऊक प्रमाणात. जपानी वंशाचे नट छावण्यांत. तेव्हा ही कामे चिनी आणि कोरियन वंशाच्या नटांकडे आली. रिचर्ड लू आणि फिलिप आन हे त्यांतले अग्रणी. छावणीतल्या माणसांचे चेहरे पडद्यावर त्यांच्या शेजाऱ्यांनी चढवले.

फिलिपने ही कामे का स्वीकारली असतील? पोटासाठी, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ज्या राजवटीने बापाला संपवले तिचे क्रौर्य लाखो लोकांना दाखवण्याची संधी त्याच्या चेहऱ्याला मिळाली होती. पुत्र म्हणून सूड घ्यायचा तर एवढा प्रभावी मार्ग दुसरा कोणता? त्याने जपानी अधिकारी असे रंगवले की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. हे करताना त्याला तिळमात्र संकोच वाटला नसेल, असे मानायला जागा आहे.

पण हिशोब एवढ्यावर मिटत नाही. पडद्यावरचा तिरस्कार जपानी साम्राज्यापुरता राहत नव्हता; तो चेहरेपट्टीवर जात होता. जी घृणा असे चित्रपट पेरत होते, तीच छावण्यांतल्या निरपराध मुलांच्या वाट्यालाही येत होती. आणि ती उलटून स्वतः फिलिपवरही आली. त्याला जपानी समजणाऱ्या प्रेक्षकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. बापाने ज्या संघटनेला आयुष्य वाहिले तिने ‘आम्ही जपानी नाही’ हे अमेरिकी सरकारकडून मान्य करून घेतले; मुलाने आपण जपानी आहोत हे प्रेक्षकांना इतके पटवले की ते जिवावर उठले. याला सूड म्हणावे की शोकांतिका, यावर एकमत होणे कठीण. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मान्य केल्याशिवाय हा माणूस हाती लागत नाही.

१९४५च्या ‘चायना स्काय’मध्ये तर विपर्यासाची परिसीमा झाली. पर्ल बक यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात फिलिपने डॉक्टर किमची भूमिका केली. किम म्हणजे अस्सल कोरियन नाव. आणि हा किम कोण, तर कैदेतल्या जपानी कर्नलच्या कारस्थानात सामील होणारा घरभेदी. दोसानांच्या मुलाने, कोरियन नावाने, जपानला फितूर झालेला माणूस उभा केला.

युद्धकाळात तो स्वतः अमेरिकी सैन्यातही होता, सैनिकांच्या करमणुकीची सोय पाहणाऱ्या विभागात. घोट्याच्या दुखापतीमुळे लवकर परत आला. घरातला खरा युद्धपराक्रम केला तो बहिणीने. सुसान आन १९४२ साली नौदलात शिरली आणि तेथे तोफखान्याची प्रशिक्षक झाली. शत्रूची विमाने हवेत कशी टिपायची हे ती गोऱ्या नौसैनिकांना शिकवीत होती. तिची गोष्ट स्वतंत्र थ्रेडची आहे.

१९४५ साली कोरिया मुक्त झाला आणि पाच वर्षांत तेथेच युद्ध पेटले. आता हॉलिवूडला कोरियन पात्रे लागू लागली. पन्नाशीकडे झुकलेल्या फिलिपला आपल्या खऱ्या वंशाची भूमिका करण्याची वेळ आली ती अशी. ‘बॅटल सर्कस’मध्ये (१९५३) तो इस्पितळाच्या तंबूत हातबाँब घेऊन बिथरलेला युद्धकैदी होता. ‘बॅटल हिम’मध्ये (१९५७) अनाथ मुलांना आधार देणारा हस्तिदंताचा वृद्ध कारागीर. गंमत अशी की, त्याच चित्रपटातली कोरियन तरुणी झाली होती भारतात जन्मलेली ॲना काश्फी. हॉलिवूडचा आशिया असा चालत असे. कोणाही आशियाई दिसणाऱ्याने कोणीही व्हावे.

मधल्या काळातल्या भूमिकांची यादी देण्यात अर्थ नाही. नोकर, काका, मंत्री, व्यापारी. एल्विस प्रेस्लीच्या हवाईपटातली एक भूमिका. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचे काम. त्याने ते वेळेवर आणि नेटके केले, म्हणून पुन्हा बोलावणे येत गेले. १९५४ साली त्याने बहीण सूराच्या मदतीने लॉस एंजेलिसच्या पॅनोरमा सिटी भागात ‘मूनगेट’ नावाचे उपाहारगृह काढले. ते चिनी जेवणाचे होते! कोरियन जेवण अमेरिकेत कोणाला ठाऊक होते? पडद्यावर जे, तेच धंद्यातही. तरी ते तीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि पॅनोरमा सिटीने मालकाला आपला मानद महापौर केले.

प्रसिद्धी आली ती सत्तरीच्या उंबरठ्यावर. १९७२ साली सुरू झालेल्या ‘कुंग फू’ या दूरचित्रवाणी मालिकेत तो शाओलिन मठाचा प्रमुख, गुरू कान झाला. तळहातावरचा खडा शिष्याने झटकन उचलून दाखवायचा, ही त्याची परीक्षा अमेरिकेतल्या मुलांच्या तोंडी झाली. शिष्य क्वाय चँग केन हा अर्धा चिनी. ती भूमिका अर्थातच डेव्हिड कॅराडिन या गोऱ्या नटाकडे गेली. चाळीस वर्षांत नायकाच्या जागेचा नियम फारसा बदलला नव्हता. आयुष्यभर प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती राहिलेला फिलिप ताओची वचने मात्र अशा शांत अधिकाराने बोलला की, त्या पिढीला तो गुरू खरा वाटला. तोडकी इंग्रजी येथे त्याच्याकडून कोणी मागितली नाही.

आई ली हे-र्योन १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये वारल्या. १९७३ साली सोलमध्ये दोसान उद्यान तयार झाले तेव्हा पतीचे अवशेष तेथे हलवण्यात आले आणि पत्नीचे अमेरिकेहून नेण्यात आले. हयातीत ज्यांना सलग संसार लाभला नाही ते दोघे तेथे शेजारी आहेत. फिलिप २८ फेब्रुवारी १९७८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गेला, जेथे जन्मला त्याच शहरात. १९८४ साली हॉलिवूड बुलेव्हार्डच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसवण्यात आला.

वडिलांना न पाहिलेला धाकटा राल्फही पुढे नट झाला. अगदी उतारवयात ‘न्यू गर्ल’ या मालिकेतल्या एका भूमिकेने तो तरुण प्रेक्षकांच्या लाडका झाला. बागेतल्या बाकावर बसणारा, ट्रान नावाचा व्हिएतनामी म्हातारा. ट्रान जवळपास काहीच बोलत नाही.